गिधाड की कोंबडी?

लंडनला लेकीकडे गेलेल्या पेन्शनर माणसाला हाफ टर्मच्या सुट्टीत कुठल्या कामाला जुंपतात, हे निघण्यापूर्वी कुणी सांगत नाही. "बाबा, तुम्हाला मोडी येते ना? मग पोरांना जरा हायरोग्लिफ, ती जुन्या इजिप्तची चित्रलिपी, शिकवा," एवढं बोलून लेक लॅपटॉपसमोर जाऊन बसली. हे तर्कशास्त्र तिच्या आईकडून आलेलं आहे. त्यापुढे माझं चाळीस वर्षं काही चाललं नाही, आता काय चालणार!

नात शाळेतून एक छापील तक्ता घेऊन आली होती. ए ते झेड, प्रत्येक अक्षरासमोर एक चित्र. आपलं नाव लिहा, रंगवा, झालात तुम्ही इजिप्शियन. असले तक्ते पाहिले की माझं डोकं फिरतं. अहो, त्या लिपीत ऐन भरात सातशेच्या आसपास चिन्हं होती. काही नुसत्या आवाजाची, काही अख्ख्या शब्दाची, काही फक्त अर्थ दाखवायला शेवटी बसवलेली. आणि स्वर लिहायची पद्धतच नाही. हे सगळं मी छाती पुढे काढून सांगितलं.

"मग माझं नाव?" ओवीने विचारलं.

ओवीतले स्वर काढले की उरतो फक्त 'व'. त्याचं चिन्ह लावा पक्ष्याचं पिल्लू. धाकट्या ईशानला तळं आणि पाण्याच्या लाटा अशी ऐसपैस जहागीर मिळाली, आणि ताईसाहेबांच्या वाट्याला एक पिल्लू. पुढे जे रामायण झालं त्यात तक्ताही फाटला. मला बरंच वाटलं.

मग ठरवलं, पोरांना थेट ही लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच पंडित शांपोलियोंच्या खुर्चीत बसवायचं. 1799 साली नेपोलियनच्या सैनिकांना रशीद गावात सापडलेला रोझेटा शिलालेख इथेच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुरोहितांनी काढलेलं एकच फर्मान, वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक म्हणजे इजिप्तचीच रोजच्या वापरातली लिपी, खाली ग्रीक. राजाचं नाव लंबगोल चौकटीत असतं. मी दोन चौकटी काढून दिल्या: एक त्या शिळेवरच्या टॉलेमी राजाची, दुसरी इजिप्तमधल्या फिली बेटाच्या स्तंभावरच्या क्लिओपात्राची. नावं सांगितली, बाकी काही नाही. ग्रीकांच्या लेखी टॉलेमी म्हणजे 'प्टोलेमाइओस', एवढी मात्र सूट दिली.

"आजोबा, ही कोंबडी का काढली आहेस?"

"गिधाड आहे ते."

"आणि हा लॅब्राडॉर?"

"सिंह! बसलेला सिंह!"

चित्रकलेचा पंचनामा आटोपल्यावर मात्र दोघं जमिनीवर पालथी पडून कामाला लागली. सिंह एकीकडे चौथा, दुसरीकडे दुसरा, म्हणजे 'ल'. चौकोन एकीकडे पहिला, दुसरीकडे पाचवा, म्हणजे 'प'. दोरीचा फास 'ओ'. कोंबडी, म्हणजे गिधाड, क्लिओपात्रात दोनदा येतं म्हणून 'आ', हे ईशानने माझ्याआधी ओरडून सांगितलं. सात वर्षांचं पोर! माझ्या चहाचा घोट तसाच राहिला.

"पण 'ट' जुळत नाही," ओवी म्हणाली. "इथे पाव आहे आणि तिथे हात. तू चुकलास."

याच प्रश्नाची तर मी वाट बघत होतो. एकाच आवाजाला दोन चिन्हं चालतात, हे शांपोलियोंनी ओळखलं, म्हणून तर 1822 साली कुलूप उघडलं. मी हे रंगवून सांगत असताना ओवीचं लक्ष भलतीकडेच होतं.

"या लोकांना बरे स्वर मिळाले?"

आता आली का पंचाईत! टॉलेमी घराणं ग्रीक. परकी नावं लिहिताना लेखनिकांनी काही चिन्हं स्वरांसारखी वापरली. हे कबूल केल्याबरोबर ओवीने स्वतःला तत्काळ परदेशी जाहीर केलं. फास, पिल्लू, बोरूच्या दोन काड्या, भोवती चौकट, आणि क्लिओपात्राच्या नावाशेवटी असतात तसे राणीपदाचे पाव आणि अंडं. ते अंडं आपल्यालाही हवं म्हणून ईशानने दिवाणखान्यात लोळण घेतली. शोध लागल्यावर शांपोलियो बेशुद्ध पडले होते असं सांगतात. अतिश्रमाने म्हणे. मला दुसरीच शंका आहे.

जेवणानंतर मी जरा आडवा झालो. उठून बघतो तो माझ्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला. प्राण्यांची तोंडं ज्या बाजूला, तिथून वाचायला सुरुवात करायची, हा नियम पोरांनी चोख पाळला होता. स्वर गाळले होते. मी चष्मा लावून जुळवत बसलो. ग, ह, र, त. 'घ'ला चिन्ह नाही म्हणून 'ग'ला 'ह' जोडलेला दिसत होता. म्हणजे 'घरात'? घरात कोण? काय?

तेवढ्यात लेक कॉफीचा मग घेऊन आली. तिने शेवटचं अर्थ दाखवणारं चित्र पाहिलं: आडवा माणूस, मिशा, उघडं तोंड.

"घोरतो," ती म्हणाली आणि मीटिंगला निघून गेली.