'12.6 दाखवतंय तरी गाडी सेल्फ घेत नाही': एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली. वैतागून लिहिलीय हे दिसतंय आणि वैतागणं साहजिक आहे, ऐन घाईच्या वेळी गाडी टक करून गप्प बसली की कुणाचंही डोकं फिरतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आधीच्या लेखात मी सांगितलं तसं मल्टीमीटर घेऊन बसलात, बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, सेल्फच्या (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरच्या) जाड केबलला बीप वाजतो, फ्यूज सगळे शाबूत, म्हणजे माझ्या हिशोबाने सगळं ओके, आणि तरी गाडी सेल्फ घेत नाही, धक्का मारला की मात्र लगेच चालू होते. त्यामुळे ही मीटरबाजी फक्त लिहायला बरी, त्यापेक्षा मेकॅनिक आधी बॅटरी बदलतो नाहीतर सेल्फ बदलतो तेच खरं, "दोन्हीतलं एक लागतंच".

तुमची तिन्ही मापं बरोबरच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण तिन्ही मापं तुम्ही गाडी गप्प उभी असताना घेतलीत. सेल्फ फिरतो तेव्हा साध्या पेट्रोल गाडीतही तो 100 ते 200 अँपिअर ओढतो, डिझेलला अजून जास्त, आणि मीटर बॅटरीतून जो करंट घेतो तो जवळजवळ नाहीच म्हणायचा. त्यामुळे आतून संपत आलेली बॅटरीसुद्धा मीटरला झोकात 12.6 दाखवू शकते आणि सेल्फ मारला की बसते. लोडवर, म्हणजे सेल्फ मारत असताना मोजा असं लेखात लिहिलं होतं, तो भाग बहुतेक तुम्ही स्क्रोल केलात (लांब होता, मान्य).

बीपचं तर अजून गमतीशीर आहे. जाड केबल म्हणजे आत तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा. गंजून त्यातल्या बहुतेक तुटल्या आणि चारच उरल्या तरी मीटर बीप देणारच, कारण त्याला फक्त रस्ता आहे की नाही एवढंच कळतं, त्यावरून किती जाऊ शकतं ते कळत नाही. हिशोब करून बघा, केबलच्या टोकाला गंजामुळे नुसता 0.02 ओहम रेझिस्टन्स तयार झाला, 150 अँपिअर जायला लागले, की तिथेच 3 व्होल्ट खलास. बॅटरी लोडवर साडेदहा देत असेल तर सेल्फपर्यंत पोचतात साडेसात, त्यात तो काय फिरणार. आणि तो 0.02 ओहम मीटरवर दिसायचाच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून जाड केबल ओहममध्ये कधीच तपासायची नाही, करंट जात असताना व्होल्ट कुठे गळतात ते बघायचं.

कसं ते नीट सांगतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, किल्ली फिरवायला दुसरं कुणीतरी, मीटर डीसी 20 व्होल्टवर (अँपिअरच्या भोकात वायर घालून सेल्फ मारू नका, 10 अँपिअरचा फ्यूज क्षणात जाईल). बॅटरीतून वर आलेला जो शिशाचा खुंट आहे त्याच्या डोक्यावर प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) टेकवा, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. प्लस खुंट ते मायनस खुंट, सेल्फ मारताना आकडा साधारण 9.6 च्या खाली गेला तर संशय बॅटरीवर, मग ती आधी नीट चार्ज करून परत मोजा. 10 च्या वर टिकला आणि तरी सेल्फ नीट फिरत नाही, तर तूर्तास बॅटरीला सोडून द्या.

मग लाल प्रोब प्लस खुंटावरच आणि काळा थेट सेल्फच्या जाड बोल्टवर (बॅटरीची केबल जिथे येते त्या). सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तसंच मायनस खुंट ते इंजिनचा उघडा धातू, इथे 0.2 च्या आसपास, त्याहून बरंच जास्त असेल तर अर्थिंगची पट्टी बघा. ही इंजिन ते बॉडी जाणारी पट्टी कुणी बघतच नाही, खाली चिखलापाण्यात असते, बोल्टाखाली गंज धरते. जुन्या गाड्यांत ती खराब झाली की करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार चक्क गरम होते, केबल जळाली म्हणून लोक ती बदलतात आणि महिन्याभरात परत तेच.

आणि तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त संशय ज्याचा आहे ते माप: एक प्रोब खुंटावर, दुसरा त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर. दोघांत अंतर काही मिलिमीटरचं. सेल्फ न मारता शून्य, आणि सेल्फ मारताच एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. वरून क्लॅम्प चकचकीत असतो, हाताने हलत नाही, पण काढल्यावर आतल्या बाजूला काळपट राखाडी थर असतो, तो सँडपेपरने घासून शिसं उजळ दिसेपर्यंत साफ करायचा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, सेल्फ करंट ओढतच नसेल तर खुंट ते खुंट सोडून ही सगळी मापं शून्यच येणार, त्यामुळे शून्य आलं म्हणून खूश होऊ नका. आधी आवाज ऐका. टकटकटकटक असा सारखा आवाज म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढतो, तिथे बॅटरी किंवा कनेक्शन. तुमच्यासारखा एकच टक आणि मग शांत, तर जाड केबल, अर्थिंग, नाहीतर सेल्फच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) किंवा सोलेनॉइडचे जळलेले कॉन्टॅक्ट. म्हणजे सेल्फ दोषी असूही शकतो, मी नाही म्हणतच नाहीये, पण त्याचा नंबर केबल तपासल्यावर. काहीच आवाज नसेल तर बारीक वायरीची बाजू: रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक). तिथे मीटरऐवजी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावून बघावं, कारण आतून हिरवी पडलेली वायर मीटरला 12 व्होल्ट दाखवते आणि बल्ब मात्र पेटत नाही. धक्का मारून चालू होते यावरून पेट्रोल, स्पार्क, इमोबिलायझर हे सगळं तुमच्या यादीतून कटाप, ही खरंतर तुमच्या कमेंटमधली सगळ्यात कामाची ओळ होती.

आता "बॅटरी बदलली की चालू होतेच" याबद्दल. होते ना, पण बॅटरी बदलताना दोन्ही क्लॅम्प सुटतात, घासले जातात, नवीन खुंटावर परत आवळले जातात. दोष तिथेच असेल तर तो आपोआप गेला आणि श्रेय मिळालं नवीन बॅटरीला. दोष अर्थिंगमध्ये असेल तर नवी दमदार बॅटरी तो काही दिवस झाकून नेते, मग थंडीत इंजिन जड झालं की परत टक. मग म्हणायचं बॅटरीच डुप्लिकेट निघाली.

रिले मोजू नका, बदलून बघा हे तुमचं म्हणणं मात्र पटतं, तिथे मोजत बसण्यापेक्षा त्याच बॉक्समधला दुसरा सारख्या नंबरचा रिले अदलाबदल करून बघणं सोपं, मीपण तेच करतो. पण पान्याने सोलेनॉइड शॉर्ट करून बघा हे जे तुम्ही खाली सुचवलंय ते कृपया कुणी करू नका, गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती किल्लीशिवाय जागेवरून उडी मारते आणि तुम्ही तिच्या पुढे वाकलेले असता. आणि त्याखाली अजून एकाने लिहिलंय की इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, बंद पडली तर डायनामो (बॅटरी चार्ज करणारा) खराब. हेही नको, व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) उडू शकतो. चालू गाडीत बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 येतंय का एवढं बघा की झालं. नवीन गाड्यांत हा आकडा कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे एकदाच बघून निकाल लावू नका.

तर सेल्फ विकत घेण्याआधी पाच आकडे मला लिहून पाठवा, सगळे सेल्फ मारताना घेतलेले: खुंट ते खुंट, प्लस खुंट ते सेल्फचा बोल्ट, मायनस खुंट ते इंजिन, आणि दोन्ही खुंट ते आपापले क्लॅम्प. एका वेळी दोन-तीन सेकंदच मारा आणि मध्ये थोडं थांबा, नाहीतर सेल्फ खरंच जळेल.