आधी पगाराची तारीख सांगा, मग पॅशनचं बोलू

दर दोन दिवसांनी एक रील येतंच. चकाचक जॅकेट घातलेला कुणीतरी माइक घेऊन सांगत असतो की पोरांनो नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, एमपीएससीत वर्षं घालवू नका, आवडेल ते करा, पैसा आपोआप येतो. डोकं फिरतं राव. नवी पेठेत, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसलेली पोरं येडी नाहीयेत. त्यांनी हिशोब केलाय आणि तो बऱ्यापैकी बरोबर आहे.

मी त्या लायनीतला नाही. आयटीआय टर्नर, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपला सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन सेट करणारा. पण आमच्या रूमवर कायम एक-दोन परीक्षावाले असतात, त्यामुळे मेसचे रेट, टेस्ट सिरीज, कटऑफ, आयोगाचं वेळापत्रक, सगळं फुकटात पाठ झालंय.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर, ओपनला फी १००० रुपये. लोक म्हणतात एवढ्या गर्दीत घुसता कशाला. अरे पण गर्दीच्या बाहेर काय ठेवलंय ते तरी बघा. पोरगा चाकणला कंपनीत लागला म्हणून गावात पेढे वाटायचे ते दिवस गेले, आता तो लागतो ठेकेदाराकडे. काही महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच गेटवर परत उभं राहायचं. शेजारचा परमनंट आणि हा एकाच लाइनवर तेच बोल्ट आवळतात आणि पगारात दुप्पट-तिप्पट फरक. ह्याला सांगायचं की कामात अर्थ शोध?

सरकार तरी काय वेगळं करतंय म्हणा. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. मग २०२४ ला युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. नंतर ती वाढवली, पण वाढवून वाढवून किती, ती संपल्यावर तीच पोरं आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. शिकवलं आणि सोडून दिलं.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण कामात अर्थ नसतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. नवीन जॉब, म्हणजे बनवायचा पार्ट येतो, ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) टॉलरन्स असतो, तेवढाच फरक चालतो. पहिला पीस काढायचा, बोअर गेज लावायचा, चार मायक्रॉन कमी-जास्त दिसलं की ऑफसेट मारायचा, म्हणजे मशीनला तेवढी दुरुस्ती द्यायची, परत बघायचं, आणि एकदा सेट झालं की मग एकामागून एक पीस ओके येत जातात आणि त्या वेळी कुणी चहाला बोलावलं तरी मशीन सोडवत नाही. कॅम सॉफ्टवेअर मशीनचा प्रोग्रॅम काढून देतं, उद्या एआय अजून भारी काढून देईल, हरकत नाही, पण इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) घासला हे आवाजावरून कळायला मशीनपाशी उभंच राहावं लागतं.

पण हेच काम मी आधी दुसऱ्या एका शॉपला करायचो, तिथं पगार "पुढच्या आठवड्यात बघू" असा व्हायचा. तसंच मशीन, तसेच जॉब, आणि मजा शून्य. डोक्यात घरभाडं, गावाकडचा फोन, मायक्रॉन गेले खड्ड्यात. नोकरी "देणारे" असेपण असतात, रीलमध्ये ते कधी येत नाहीत.

आणि पगार वेळेवर आला तरी दुसरी भानगड राहतेच. माझ्या लग्नाचं बघताना आत्यानं सरळ सांगितलं, "मशीनवर आहे म्हणू नको रे, इंजिनिअर आहे म्हण." मी नाही म्हटलं तर वर मलाच, "मग बस तसाच." तिला तरी काय बोलणार, समोरचे विचारतातच तसं. तलाठी म्हटलं की पुढचा प्रश्नच येत नाही. ज्यांना वाटतं पोरांनी स्किलकडे वळावं, त्यांनी आपल्या पोरीसाठी वेल्डर, सेटर, वायरमनचं स्थळ बघितलंय का कधी? मी तरी रील बनवणाऱ्यातला एक पण बघितला नाही.

मुलींचं तर अजून वेगळं आहे, ते कुणी बोलतच नाही. गावाकडच्या कितीतरी मुलींना पुण्यात राहायला मिळतं ते "परीक्षा देतेय" ह्या एका वाक्यावर. परीक्षा सोडली की दुसऱ्या दिवशी घरून फोन, ये परत, पाहुणे येतायत. त्यांना कुणी सांगितलं ना की बाई प्लॅन बी बघ, तर त्यांच्यासाठी परीक्षा हाच प्लॅन बी आहे, लग्न पुढं ढकलायचा. मग एका वर्षाची अजून दोन वर्षं होतात आणि आपण म्हणतो ह्यांना सवय लागली अभ्यासाची.

म्हणून मी रूमवरच्यांना सोड म्हणत नाही. एवढंच म्हणतो की एक तारीख ठरव आणि तोपर्यंत हातात एखादं काम असू दे, अर्धवेळ का होईना. आणि कुठंही लागलास तरी लेटर माग. नोव्हेंबर २०२५ ला चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायचं आहे आणि फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठराविक मुदतीवर घेतलेल्याला, एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. कागदावर आहे हे, शॉप फ्लोअरवर किती उतरतं ते बघूच, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच कोण देणार नाही.

जाता जाता, आमच्या शॉपला दोन हेल्पर पाहिजेत. आयटीआय असेल तर बरं, नसेल तरी शिकवू. लेटर मिळेल, पीएफ कापला जाईल, पगार सात तारखेच्या आत. मुलगी असली तरी चालेल, हे मालकाला विचारून लिहितोय. इनबॉक्सला या.