फालुनची खाण आणि ‘दैवयोग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्वीडनमधील फालुनच्या तांब्याच्या खाणीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : 1687 साली खाण कोसळली त्याला मी ‘दैवयोग’ म्हटले, आणि ‘फेट-मात्स’ या खाणमजुराच्या प्रेमकहाणीत रमून खाणकामगारांचे हाल झाकले.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दैवाचा भाग एवढाच, की 25 जून हा मिडसमर या उन्हाळी सणाच्या सुटीचा दिवस होता आणि म्हणून एकही जीव गेला नाही. बाकी सारे माणसांचेच करणे होते. सतराव्या शतकात युरोपातील जवळपास दोन-तृतीयांश तांबे या एका खाणीतून निघत होते. भागधारक आपापला वाटा पदरात पाडून घेत असताना, खड्ड्यांमधल्या भिंती ज्या खडकावर उभ्या होत्या तोच खालून किती पोखरला गेला आहे, याची पुरेशी काळजी कोणी वाहिली नाही. मात्र खाण त्या दिवशी संपली, हे आपले विधान बरोबर नाही; ती बंद झाली 8 डिसेंबर 1992 रोजी.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचला. तिथे खडकाला लाकडे रचून रात्रभर आग लावत, तापून तडकलेला दगड मग पहारी-हातोड्यांनी फोडत, आणि त्या गंधकाच्या धुरात माणसे उतरत. 1734 मध्ये खाली जाऊन आलेल्या लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाला तिथे नरक आठवला. हे लेखात यायला हवे होते.

फेट-मात्सची कहाणी मात्र मी गाळणार नाही, कारण तिच्यामुळेच मात्स इस्राएल्सन या एका मजुराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले. 1677 मध्ये बेपत्ता झालेला त्याचा देह 1719 मध्ये पाण्याने भरलेल्या जुन्या बोगद्यात सापडला. मोरचूद-हिराकसासारखे क्षार मुरलेल्या पाण्याने तो इतका टिकवला होता, की एकेकाळी त्याच्याशी लग्न ठरलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या स्त्रीने चेहऱ्यावरून त्याला ओळखले. मी तिथेच थांबलो, ही माझी चूक. पुढे तो देह नवलाईची वस्तू म्हणून लोकांना दाखवला गेला, 1749 मध्ये चर्चच्या फरशीखाली पुरला, एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी पुन्हा वर आला आणि काचेआड ठेवला गेला. त्याला कायमची माती मिळाली ती 1930 मध्ये. एवढा मजकूर मी मूळ लेखात आज जोडत आहे.