‘काळी पूड फासली की झाले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीवर राबणाऱ्या, हन्स्लेट कंपनीच्या ऑस्टेरिटी या वाफेच्या रेल्वे इंजिनाचे मॉडेल मी कसे बनवले, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो. ‘मॉडेल पाहिले. काळी पूड फासली की कच्चे काम झाकले जाते, ही जुनीच युक्ती. घाण सगळीकडे सारखीच दिसते. खरी इंजिने इतकी कळकट नव्हती, शिवाय १९६०च्या दशकात हन्स्लेटने धूर कमी करण्याची व्यवस्थाही आणली होती. सगळी ४८५ इंजिने सैन्यासाठी बांधली, हे चूक. रुळांचे अंतर चूक. आणि भुसावळात बसून विलायतेतल्या खाणी काय कळणार?’

टीकेचे मला वावडे नाही. मात्र ‘मॉडेल पाहिले’ ही सुरुवात वाचून एखादा तपासनीस रेशनचे गोदाम पाहून शेरा लिहीत असल्याचा भास झाला. नमस्कार नाही, सही नाही, स्वतः कधी चार चाके जुळवली आहेत की नाही याचा पत्ता नाही. सात महिने रात्री जेवण झाल्यावर भिंगाखाली काम करणाऱ्या माणसाला ‘युक्ती’ हा शब्द कसा लागतो, याची कल्पना आपल्याला नसावी. असेल, तर मग तो शब्द मुद्दामच वापरला असे मला समजावे लागेल.

आधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो, म्हणजे माझ्यावर हेकेखोरपणाचा आरोप नको. ४८५ हा आकडा एकूण उत्पादनाचा आहे. पहिले इंजिन १९४३च्या जानेवारीत लीड्सच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि युद्धखात्यासाठी अशी ३७७ बांधली गेली. त्यांपैकी ७५ पुढे एलएनईआर या रेल्वे कंपनीने घेतली आणि त्यांना जे ९४ हा वर्ग दिला. उरलेली मुख्यतः खाणींसाठी आणि काही पुन्हा सैन्यासाठी बांधली गेली, ती अगदी १९६४पर्यंत. माझ्या वाक्यात ‘एकूण’ आणि ‘सैन्यासाठी’ हे दोन शब्द शेजारी आले, ही लिहिण्याच्या ओघातली चूक होती आणि ती मी त्याच दिवशी दुरुस्त केली आहे. आभारी आहे.

आता त्या पुडीकडे वळतो.

आपण धूर आणि धूळ यांची गल्लत करत आहात. हन्स्लेटने आणलेली व्यवस्था धुरासाठी होती. कोळसा खालून भट्टीत ढकलणारा यांत्रिक स्टोकर आणि जळण नीट पेटावे म्हणून केलेली हवेची योजना, यांमुळे धुराड्यातून काळे लोट निघणे कमी झाले. ब्रिटनमध्ये १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाल्यावर त्याची गरजही होती. परंतु खाणीवरचे इंजिन काळे होते ते केवळ स्वतःच्या धुराड्यामुळे नव्हे. चाळणीघरात कोळसा आकारमानाप्रमाणे वेगळा होऊन खालच्या वॅगनमध्ये कोसळतो, तेव्हा उडणारी भुकटी आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूवर बसते. भरलेल्या वॅगन ओढून मुख्य मार्गाच्या साइडिंगपर्यंत न्यायच्या आणि रिकाम्या परत आणायच्या, हेच त्या इंजिनाचे दिवसभराचे आयुष्य. उद्या एखाद्याने आपल्या गिरणीत धूर न सोडणारे डिझेल इंजिन बसवले, तर गिरणीवाल्याच्या भुवयांवरचे पीठ जाईल काय?

शिवाय तेल आहे. या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर सांगाड्याच्या आत आहेत, १८ इंच व्यासाचे आणि २६ इंच धावेचे. त्यामुळे बाहेरून फक्त चाके जोडणारे दांडे दिसतात आणि बाकी सगळी हालचाल पोटात चालते. तिला तेल द्यायला माणसाला आत वाकावे लागते, तेल सांडते, चाकांवर उडते, आणि तेलावर भुकटी चिकटली की जो राप तयार होतो तो पाण्याने निघत नाही. आपण ज्याला पूड म्हणता, त्याला हात लावून पाहिला असता तर बोट काळे होऊन वर चिकटलेही असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि आमचे बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. ड्युटीवरून आल्यावर ते आधी रॉकेलने हात पुसत, मग साबण लावत, आणि तरीही जेवताना नखांच्या कडेला काळी रेघ उरलेली असे. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत सोडा घालून भिजवत असे, आणि त्या बादलीच्या आतल्या अंगाला तेलकट काळे वर्तुळ बसले होते, ते शेवटपर्यंत निघाले नाही. मी स्वतः पुढे एका औष्णिक वीजकेंद्राच्या कोळसा यार्डात एका ठेकेदाराकडे बारा वर्षे वजनाची नोंद ठेवत होतो. टिपलरने वॅगन पकडून पालथी केली की पाण्याचे फवारे सुरू असूनही क्षणभर समोरचे दिसेनासे होई. तिथले शंटिंगचे डिझेल इंजिन रंगवून आले तेव्हा पिवळे धमक होते. पावसाळा संपेपर्यंत त्याचा पिवळेपणा फक्त दरवाज्याच्या दांडीशेजारी उरला होता, जिथे दिवसातून पन्नास वेळा हात लागतो. दगडी कोळसा काय करतो हे मला विलायतेला जाऊन शिकण्याची गरज पडलेली नाही. तो तिथेही तेच करतो.

तुम्ही म्हणाल (‘आपण’ म्हणायला हवे होते, पण राहू द्या) की काही खाणींवर इंजिने स्वच्छ ठेवली जात. होय, जात. दक्षिण डर्बीशायरमधील कॅडली हिल या खाणीवर १९८०च्या दशकातही वाफेची इंजिने होती आणि तिथली माणसे ती मायेने पुसत. १९४७च्या पहिल्या जानेवारीला ब्रिटनच्या खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे गेल्या, पण सर्व इंजिनांना एकच रंग असा दंडक प्रत्यक्षात कुठे दिसत नाही. कुठे हिरवा, कुठे निळा, कुठे लाल, बफरच्या आडव्या पट्टीवर कुठे पिवळे-काळे पट्टे, आणि पुष्कळ इंजिनांना माणसांसारखी नावेही. पण इंजिनाजवळ फडके घेऊन उभे राहायला पाळीत जादा माणूस लागतो आणि तो सगळीकडे नव्हता. मी निवडलेले इंजिन कुणाच्या मायेतले नाही, राबणारे आहे. एवढे स्वातंत्र्य बनवणाऱ्याला असावे.

‘युक्ती’च्या बाबतीत सांगतो, ती पूड मी कशी करतो ते ऐका. खऱ्या दगडी कोळशाची बुकणी मॉडेलवर टाकली तर ती अभ्रकासारखी चकाकते, कारण ७६ पटींनी लहान केलेल्या इंजिनावर कोळशाचा प्रत्येक कण खडा होऊन बसतो. ही चूक मी पहिल्या मॉडेलवर केली होती. आता मी लाकडी कोळसा खलतो, मलमलीतून दोनदा गाळतो, त्यात चिमूटभर राख घालतो, आणि चाकांच्या मागे, जिथे ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस चुरा साचतो, तिथे गेरू वापरतो. टाकीवर पाणी भरायच्या झाकणाखाली जे पांढरे ओघळ आहेत, ज्यांना आपण बहुधा रंगाचे डाग समजलात, ते क्षाराचे आहेत. टाकी ओसंडली की पाणी बाजूने वाहते, तापलेल्या पत्र्यावर सुकते आणि मागे क्षार ठेवते. आपल्या घरी बंब असेल तर त्याच्या तोटीखाली पाहा. ओघळ काढायला मी चुन्याची निवळी आणि शून्य नंबरचा ब्रश वापरला. हे सगळे पहाटे पाच ते सात या वेळात करावे लागते, कारण भुसावळच्या मे महिन्यात नंतर रंग फवाऱ्याच्या तोंडाशीच सुकून दाणेदार होतो. कच्चे काम झाकायचे असते तर यापेक्षा सोपे मार्ग होते.

रुळांच्या अंतराबद्दल. ४ मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात खऱ्या रुळांमधल्या ४ फूट साडेआठ इंचांचे १८.८३ मिलिमीटर होतात आणि मी १६.५चे रूळ वापरले आहेत. ब्रिटनमध्येही बहुसंख्य लोक तेच वापरतात. मला हे ठाऊक आहे, विषय संपला. चाके मात्र मोजून पाहा : ४ फूट ३ इंचांची, म्हणजे १७ मिलिमीटर, आणि पहिल्यापासून शेवटच्या चाकापर्यंत ११ फुटांचे बरोबर ४४.

‘भुसावळात बसून’ या शब्दांना उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. ज्या गावाची दोन पिढ्यांची झोप शंटिंगच्या आवाजात झाली, त्या गावाला इंजिनाबद्दल काय कळते हे ज्याला कळायचे त्याला कळेल. आणि आपल्याकडच्या कोळशाच्या इंजिनांचे मॉडेल का नाही, असा खोचक अर्थ त्यात असेल तर त्याचे कारण एवढेच की हन्स्लेटची मापे अंशाअंशांनी उपलब्ध आहेत. यार्डातल्या त्या पिवळ्या इंजिनाची मापे घ्यायला मी टेप घेऊन गेलो असतो तर सुरक्षारक्षकाने मला हाकलले असते.

राहिले आपले एक वाक्य, ‘घाण सगळीकडे सारखीच दिसते’. ते मी सोडून देणार होतो, कारण छायाचित्रे मी ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढली होती आणि अशा उजेडात कोणताही काळा रंग सपाट दिसतो. परंतु वर दरवाज्याच्या दांडीबद्दल लिहिल्यावर उठून मॉडेल भिंगाखाली धरले. केबिनच्या चारही पायऱ्या टाकीइतक्याच काळ्या आहेत. ज्या पायरीवर फायरमनचा बूट दिवसभर घासतो ती कड धातूसारखी चकाकायला हवी, आणि दांडीही. पायऱ्यांच्या कडा ब्लेडच्या टोकाने खरवडून त्यांवर पेन्सिलीचे शिसे घासावे लागेल. हे काम आपली प्रतिक्रिया येण्यापूर्वीच माझ्या यादीत होते. रविवारी पहाटे करीन आणि नवी छायाचित्रे खिडकीच्या उजेडात काढीन.