कुंपणाबाहेरचे सात जीबी

दुकानदाराला 800 रुपये देऊन डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला एक तुकडा, आखडून आणलं आणि घरी, फोंड्यात, फोटो उघडेनात. लिनक्सच्या लॉगमध्ये एकच ओळ: ‘बॅड जॉमेट्री’. फाइलसिस्टम, म्हणजे त्या तुकड्यात फायली मांडणारी व्यवस्था, म्हणते माझे 26214400 ब्लॉक (जागेचे एकसारखे कप्पे), पार्टिशन म्हणतं जागा 24413952 चीच.

शेजारचे काका चहात उंडे (गोल पाव) बुडवत होते. ‘जॉमेट्री’ ऐकलं आणि उंडा कपातच राहिला.

“सर्व्हेवाल्याचो घोळ हो! डीडीत एक, प्लॅनात दुसरें. एक-चौदा काडलो तुवें?”

एक-चौदा म्हणजे आमचा गोव्यातला सातबारा. “काका, ही डिस्क आहे.”

“जागोच मरे! कुंपण कोणें घातलें?”

काकांची जमिनीची केस माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे, त्यामुळे त्यांना सगळं जग सर्व्हे नंबरांत दिसतं. मी समजावलं : फाइलसिस्टम 100 जीबीची होती, पण 1024 च्या हिशेबाने, म्हणजे एक केबी 1024 बाइटचा. दुकानदाराने पार्टिशन 100 जीबीचंच कापलं, 1000 च्या हिशेबाने. (या घोळासाठी 1998 साली 1024 वाल्या जीबीला ‘गिबिबाइट’ असं वेगळं नाव काढलं गेलं. ते आमच्या दुकानदारापर्यंत पोचायचंय.) सात जीबी फोटो कुंपणाबाहेर!

“पयलीं घर ल्हान करप, मागीर कुंपण,” काका म्हणाले.

अगदी बरोबर. आधी फाइलसिस्टम आखडायची, मग पार्टिशन. हे ज्याला 800 रुपये दिले त्याला कळू नये आणि उंडे खाणाऱ्याला कळावं, याचा राग कोणावर काढायचा? फोन केला तर दुकानदार म्हणतो, “100 सांगितले, 100 दिले.” वर उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन करून फॉरमॅटही मारलंय. नाहीतर कुंपण मागे सरकवून सगळं परत मिळालं असतं.

लेबल, म्हणजे फाइलसिस्टमला दिलेलं नाव, मात्र शाबूत आहे. त्यात 16 बाइट मावतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 खातं, म्हणून ‘घरचे फोटो’ बसलं नव्हतं. ‘फोंडा’ 15 त बसलं. घरावर पाटी झकास, मागची खोली दुसऱ्याच्या अंगणात!

काका उठले, चपला शोधता शोधता थांबले.

“म्हज्या एक-चौदाचो स्कॅन तुजेकडेनच आसा न्हय रे?”

आहे. त्याच पार्टिशनमध्ये. मी म्हटलं, काका, चहा निवतोय.