गेरीची ती क्लिप ‘जोडलेली’ आहे का?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या फिरणारा मेसेज असा: राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरीची (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीची) क्लिप सॉफ्टवेअरने तपासली, त्यात १९०४ ची तारीख, एन्कोडर (व्हिडिओ फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) म्हणून ‘लॅव्हएफ’ आणि भलत्याच जागी आय-फ्रेम सापडल्या, म्हणून क्लिप तुकडे जोडून केलेली, बनावट.

यातलं काहीच बनावटपणा सिद्ध करत नाही. एमपी४ फाइलमधली वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात. तो रकाना शून्य असला की काही सॉफ्टवेअर सरळ १९०४ दाखवतात. ‘लॅव्हएफ’ ही एफएफएमपेग या व्हिडिओ-सॉफ्टवेअरची खूण; कितीतरी अ‍ॅप पडद्याआड तेच वापरतात.

आय-फ्रेमचा मुद्दा जास्त फसवा. आय-फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं, पी आणि बी फ्रेममध्ये मुख्यतः इतर फ्रेमपासूनचा फरक. चित्र अचानक बदललं की फरक नोंदवण्यापेक्षा नवं चित्र लिहिणं स्वस्त पडतं, म्हणून एक्स२६४ सारखा एन्कोडर तिथे आपणहून आय-फ्रेम टाकतो, मग तिथे कट (जोड) असो वा नसो. गेरीत तर गुलालाचा फवारा उडाला की क्षणात सगळं लालेलाल!

मेसेजवाल्याने एफएफप्रोब (व्हिडिओ फाइलमधली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं हे चांगलंच (आपल्याकडे इतकं तरी कोण करतं?), पण फॉरवर्ड होऊन पुन्हा दाबल्या गेलेल्या (कॉम्प्रेस झालेल्या) प्रतीवर. क्लिप खरी की खोटी, ते त्या प्रतीवरून मीही सांगणार नाही. चित्रण करणाऱ्याच्या फोनमधली मूळ फाइल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे पुन्हा दाबली जात नाही.