जपानी टीव्हीवर जाहिराती नसतात? तो मेसेज अर्धाच खरा आहे

"जपानमध्ये टीव्ही-रेडिओवर जाहिरातींना बंदी आहे, लोक फी भरतात आणि सरकार चॅनेल चालवतं" असा मेसेज फिरतोय. यातलं फीचं आणि जाहिरातबंदीचं तेवढं खरं आहे आणि तेही फक्त एनएचके या तिथल्या प्रसारण संस्थेपुरतं. १९५०च्या प्रसारण कायद्यानुसार एनएचकेला जाहिराती दाखवता येत नाहीत, ती घराघरातून येणाऱ्या फीवर चालते. पण ती सरकारी खातं नाही, वेगळी सार्वजनिक संस्था आहे, बजेटला मंजुरी मात्र संसदेची लागते.

बाकी खाजगी चॅनेल्स जाहिरातींवरच जगतात हो! त्याच कायद्याने त्यांना वाट मिळाली, १ सप्टेंबर १९५१ ला नागोया आणि ओसाकात पहिली खाजगी रेडिओ स्टेशनं सुरू झाली, मग २८ ऑगस्ट १९५३ ला निप्पॉन टीव्ही आलं आणि पहिल्याच दिवशी सेइकोच्या घड्याळाची जाहिरात, ती पण दुपारी फिल्म उलटी लागल्यामुळे फसलेली (हा किस्सा मला फार आवडतो). तेव्हा टीव्ही परवडायचा कुणाला, म्हणून त्यांनी चौकात, स्टेशनांबाहेर सेट लावले, कुस्ती बघायला ही गर्दी, आणि प्रेक्षक दिसले की जाहिरातदार येणारच ना.

आज टोकियोत रिमोटवर १ आणि २ दाबलं तर एनएचके, ४ ते ८ दाबलं तर निप्पॉन टीव्ही, टीव्ही आसाही, टीबीएस, टीव्ही टोकियो, फुजी, पाचही खाजगी, पाचहीवर जाहिराती. तिथे कुणी ओळखीचं राहत असेल तर विचारून बघा. तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ग्रुपवर आला असेल तर खाली हे टाका.